गावातील बाईच्या हाती सायकल : ठाणे जिल्ह्यातील पाड्यांवर उपक्रम कसा उभारावा

ठाणे म्हटले की घोडबंदर रस्त्यावरचे मनोरे आणि लोकलची गर्दी डोळ्यांपुढे येते; पण याच जिल्ह्यात शहापूर, मुरबाड आणि भिवंडी तालुक्यांचा मोठा ग्रामीण पट्टा आहे, आणि तिथल्या बाईचा दिवस आजही पायांवर मोजला जातो. पाड्यावरून फाट्यापर्यंत चालायचे, फाट्यावर रिक्षा किंवा जीप भरण्याची वाट पाहायची, काम आटोपून तोच प्रवास उलटा करायचा. पाच किलोमीटर चालायला सव्वा तास लागतो. तेच अंतर सपाट रस्त्यावर साध्या सायकलने पंचवीस मिनिटांत पार होते. म्हणजे जाऊन-येऊन दिवसाला जवळजवळ पावणेदोन तास वाचतात, रिक्षाचे भाडे वाचते, आणि सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे कोणी नेईल याची वाट पाहावी लागत नाही.

हे लेखन अशा उपक्रमात उतरू पाहणाऱ्यांसाठी आहे : बचत गटाच्या अध्यक्ष, गावातल्या शिक्षिका, अंगणवाडी सेविका, आणि ठाणे-नवी मुंबईतल्या सोसायट्यांमधले ते रहिवासी ज्यांना काही करावेसे वाटते पण सुरुवात कुठून करावी हे कळत नाही. शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर काम करताना एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. सायकल देणे हे एका दिवसाचे काम आहे; ती बाईच्याच हाती राहणे हे वर्षभराचे काम आहे, आणि पुढे जे काही सांगितले आहे ते सगळे या दुसऱ्या कामासाठी आहे.

हा मार्ग नवा नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ साली सुरू झालेल्या साक्षरता मोहिमेने अक्षरओळखीबरोबर सायकल शिकवणे हाती घेतले, तत्कालीन जिल्हाधिकारी शीला राणी चुंकत यांनी स्त्रियांना सायकलीसाठी बँकांची कर्जे मिळवून दिली, आणि शेतमजूर, खाणमजूर, परिचारिका, अंगणवाडी सेविका अशा हजारो जणी सायकलवर दिसू लागल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी दांड्याच्या सायकली घेतल्या, आणि पुढच्या दांड्यावर मूल बसवता येते म्हणून काहींना त्याच अधिक सोयीच्या वाटल्या. बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी २,००० रुपये देण्यास सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत योग्य वयात दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आणि मुलगे-मुलींमधली शाळाप्रवेशातली दरी ४० टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत हा फरक सर्वाधिक होता. आपल्याकडचे प्रश्न याच अंतराचे आहेत, म्हणून ही दोन उदाहरणे लक्षात ठेवावीत.

आधी वाटा मोजा

सायकलींची संख्या ठरवण्याआधी पाड्यावर निदान दोन संध्याकाळी बसावे. सकाळी बायकांना वेळ नसतो आणि दुपारी त्या रानात किंवा मजुरीवर असतात. दिवे लागल्यावर, भात चुलीवर चढले की त्या ओट्यावर येतात. “तुम्हाला सायकल हवी का?” असा प्रश्न विचारू नये. फुकट मिळणाऱ्या वस्तूला कोणीही हो म्हणते. त्याऐवजी “काल दिवसभरात कुठे कुठे जाऊन आलात?” असे विचारावे आणि सारवलेल्या अंगणात कोळशाने गावाचा नकाशा काढून घ्यावा. विहीर कुठे, रेशन दुकान कुठे, शाळा कुठे, उपकेंद्र कुठे, फाटा कुठे, स्टेशन कुठे, हे त्या स्वतः काढतात, आणि काढता काढता कोणती वाट कोणाला टाळावी लागते तेही बोलून जातात. प्रत्येक वाटेचे अंतर, चढ-उतार, नेले जाणारे ओझे आणि जाण्याची वेळ वहीत लिहून घ्यावी.

या नकाशातून गरजा वेगवेगळ्या निघतात. आठवीनंतर शाळा लांब गेलेली मुलगी, चार पाडे फिरणारी आशाताई, पावसाळ्यात शेवळे आणि कंटोली, उन्हाळ्यात करवंदे आणि जांभळे घेऊन वासिंद, आसनगाव, खर्डी अशा स्टेशनांवर विकायला जाणारी बाई, भिवंडीकडच्या गोदामात कामाला लागलेली तरुण सून, यांना एकच सायकल एकाच पद्धतीने उपयोगी पडत नाही. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्या घरी दिलेली सायकल सहा महिने कुडाच्या भिंतीला टेकून गंजणार असेल, तर ती भट्टीवर नेण्याची सोय कशी करायची हे आधीच बोलून ठेवावे.

पाण्याचा विषय या बैठकीत निघतोच. मुंबईला पाणी पुरवणारी भातसा, तानसा आणि वैतरणा ही धरणे ज्या भागात आहेत, त्याच भागातल्या पाड्यांना एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहावी लागते, याचे दुःख इथल्या प्रत्येक बाईच्या बोलण्यात आहे. कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा लिटरचे कॅन बांधून पाणी आणता येते आणि डोक्यावरचा हंडा उतरतो. शिवाय सायकल आली की पाणी आणायला घरातला मुलगा किंवा नवराही निघतो, आणि हे काम केवळ बाईचे उरत नाही, हा लाभ मला लहान वाटत नाही.

जिथे वाट खडी आहे, डोंगराच्या कुशीतून पायवाटच जाते, ओढा ओलांडावा लागतो, तिथे सायकल हे उत्तर नाही, आणि तसे स्पष्ट सांगावे. उताराच्या एका बाजूला राहणाऱ्या बाईला रोज चढावर सायकल ढकलत नेण्यापेक्षा चालणे परवडते.

सायकल कोणती घ्यावी

पुढचा दांडा खाली वाकलेली, बिनगिअरची, काळ्या किंवा गडद रंगाची साधी सायकल बहुतेक वाटांना पुरते. गिअरची सायकल दिसायला छान असते, पण तिचा एक भाग बिघडला की तो शहापूरच्या बाजारातही लवकर मिळत नाही. बाईची उंची पाहून चाक निवडावे. आपल्याकडे पाच फुटांच्या आतल्या बायका पुष्कळ आहेत, आणि त्यांना २४ इंची चाकाची सायकल २६ इंचीपेक्षा सोपी जाते. सीट पूर्ण खाली घेतल्यावर दोन्ही पाय जमिनीला सपाट टेकले पाहिजेत, ही एक परीक्षा दुकानातच घ्यावी, आणि जिच्यासाठी सायकल आहे तिलाच बसवून घ्यावी.

चेनचे कव्हर पूर्ण झाकणारे हवे, कारण साडीचा काठ किंवा गाऊनची कड चेनमध्ये अडकून बाई पडते आणि पुन्हा सायकलला हात लावत नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाळी बसवून घ्यावी. कॅरिअर पत्र्याचा नको, जाड सळईचा हवा. एका पायाच्या स्टँडपेक्षा दोन पायांचा स्टँड घ्यावा, म्हणजे ओझे बांधताना सायकल कलंडत नाही. घंटी, मागे लाल परावर्तक, पुढे दिवा आणि कुलूप या चार वस्तू जास्तीच्या मानू नयेत. त्या सायकलीच्या किमतीतच धराव्यात. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिल घेताना कराचा आकडा तपासून पाहावा.

शहरात पडून असलेल्या सायकली

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कोणत्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये गेलात तर खांबाला साखळीने बांधलेल्या, टायर बसलेल्या, धुळीने माखलेल्या सायकली दिसतात. मुले मोठी झाली, घर बदलले, हौस संपली. या सायकली मिळवणे अवघड नाही, पण पद्धतशीर केले नाही तर भंगार गोळा होते. सोसायटीच्या कार्यालयात पंधरा दिवसांची सूचना लावावी, ज्यांची त्यांच्याकडून लेखी संमती घ्यावी आणि त्या कागदावर फ्रेमवरचा क्रमांक लिहावा. मालकाच्या संमतीवाचून बेवारस म्हणून उचललेली सायकल उद्या पाड्यावरच्या बाईला अडचणीत आणू शकते, हे विसरू नये.

घेताना चार गोष्टी पाहाव्यात. पुढचे चाक धरणारा चिमटा वाकलेला नसावा, फ्रेमच्या जोडावर तडा नसावा, रिम गंजून पापुद्रे सुटलेली नसावी, आणि चाक फिरवल्यावर फार डुलत नसावे. चाकाची थोडीशी डुगडुग, म्हणजे ‘आउट’, मेकॅनिक काढून देतो. टायर, ट्यूब, ब्रेकचे रबर, ब्रेकची तार आणि चेन हे जवळजवळ प्रत्येक जुन्या सायकलीत बदलावे लागते, म्हणून देणाऱ्याकडून सायकलीबरोबर दुरुस्तीची रक्कमही मागावी, लोक देतात. लहान मुलांच्या सायकली घेऊ नयेत. टेंपोत भरताना पायडल काढून, हँडल आडवे करून, दोन सायकलींमध्ये पुठ्ठा ठेवावा, नाहीतर माजिवड्याहून खारेगाव ओलांडेपर्यंत तारा वाकलेल्या असतात.

एक विनंती मनापासून करते. सायकल देताना मंडप, हार आणि देणाऱ्याच्या नावाचा फलक ठेवू नका. एका कार्यक्रमात, ज्याच्या आयोजकांचे नाव इथे घेण्याचे कारण नाही, मी चाळीस मुलींना उन्हात तीन तास पाहुण्यांची वाट पाहत उभे असलेले पाहिले आहे. सायकली मिळाल्या, छायाचित्रे निघाली; पण एकाही सायकलीत हवा नव्हती आणि गावात पंप नव्हता. मुली त्या सायकली हाताने ढकलत चार किलोमीटर घरी गेल्या.

पैसा आणि मालकी

सरकारी वाटा आधी तपासाव्यात. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण विभागाकडून ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना सायकल देण्याच्या योजना राबवल्या जातात. त्यांची चौकशी पंचायत समितीत करता येते. मानव विकास कार्यक्रमात समाविष्ट असलेल्या तालुक्यांत आठवी ते बारावीतल्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींसाठी सायकलीची तरतूद आहे, आणि त्याची माहिती मुख्याध्यापकांकडे असते. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. हा मुद्दा महिला ग्रामसभेत नोंदवून घ्यावा. शहापूर तालुका संपूर्ण आणि मुरबाड व भिवंडीतली काही गावे अनुसूचित क्षेत्रात येतात, त्यामुळे तिथल्या ग्रामसभांना पेसाच्या, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या, अबंध (कशावर खर्च करायचा हे गावाने ठरवायच्या) निधीतूनही हा विषय मांडता येतो. शहापूरला आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय आहे. आदिवासी कुटुंबांनी तिथेही अर्ज द्यावा.

या योजना मुख्यतः मुलींसाठी आहेत. मोठ्या बायकांसाठी बचत गटाचे अंतर्गत कर्ज हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. समजा सायकल ६,००० रुपयांची आहे आणि गट महिना एक टक्क्याने कर्ज देतो. दर महिन्याला ५०० रुपये मुद्दल फेडले तर पहिल्या महिन्याचे व्याज ६० रुपये, शेवटच्या महिन्याचे ५ रुपये, आणि वर्षाचे एकूण व्याज ३९० रुपये होते. हे व्याज गटातच राहते. आठवड्यातून चार दिवस फाट्यापर्यंत रिक्षाने जाणारी बाई भाड्यातून वाचलेल्या पैशांवर हा हप्ता बऱ्याच अंशी भागवते. जिला एवढेही शक्य नाही तिने जुनी सायकल घ्यावी आणि थोडी का होईना, रक्कम भरावी. गरिबाकडून पैसे घेणे मलाही सुरुवातीला जिवावर आले होते, पण स्वतःच्या पैशांची सायकल बाई कोणाला सहज उचलू देत नाही, हे पाहिल्यावर माझे मत बदलले.

आणि पावती तिच्याच नावाने असू द्या. गटाच्या इतिवृत्तात सायकलीचा क्रमांक, बाईचे नाव आणि तिची सही किंवा अंगठा घ्यावा. घरात वाद झाला की हा कागद कामाला येतो. नवऱ्याने सायकल घेऊन जायची आणि बाईने पुन्हा पायी जायचे, असे अनेक घरांत होते. त्यावर भांडण हा उपाय नाही. वाटपाच्या आधीच्या बैठकीत घरातल्या पुरुषांना आणि सासूला बोलवावे आणि सकाळची नऊपर्यंतची वेळ आणि बाजाराचा दिवस तिचा, असे सगळ्यांदेखत ठरवावे. सासूला आधी पटवले तर नवऱ्याला पटवायला वेळ लागत नाही. एका आजींनी तर भर बैठकीत मुलाला सुनावले, “तुझ्या बायकोची सायकल घेऊन नाक्यावर बसलास तर संध्याकाळी भाकर मागू नकोस.”

वाचलेल्या वेळेविषयीही याच बैठकीत बोलावे. दिवसाचे पावणेदोन तास वाचले म्हणून त्यात लाकडाची आणखी एक मोळी आणि दळणाची आणखी एक फेरी बसवली गेली, तर सायकलीने बाईचे ओझे वाढवले असे होईल. तो वेळ शिवणकामाला, मुलांना, गटाच्या बैठकीला किंवा केवळ पाठ टेकण्यासाठी गेला तरी तो योग्य ठिकाणी गेला असे मी मानते.

मोठ्या बाईला सायकल शिकवणे

लहानपणी शिकलेली माणसे सायकल कशी शिकलो ते विसरलेली असतात, म्हणून ती मोठ्यांना चुकीचे शिकवतात. मागून धरून धावायचे, “पायडल मार, पायडल मार” असे ओरडायचे आणि न सांगता सोडून द्यायचे, ही पद्धत चाळिशीतल्या बाईसाठी नाही. तिला पडण्याची भीती असते, त्याहून अधिक हसू होण्याची भीती असते, आणि पडून हात मोडला तर मजुरी बुडते ही भीती तर अगदी खरी असते.

जागा आणि ऋतू नीट निवडावा. भातकापणी झाली की नोव्हेंबरपासून खाचरे सुकतात. बांध लागणार नाही असे एक मोठे, किंचित उताराचे खाचर मिळाले तर त्यासारखे मैदान नाही. माती मऊ असते, पडले तरी खरचटण्यापलीकडे काही होत नाही. वेळ पहाटेची किंवा चांदण्या रात्रीची ठेवावी आणि बघे नकोत, हे गावातल्या तरुणांना नम्रपणे पण ठामपणे सांगावे. कपड्यांची सोय शिकणाऱ्या बाईनेच ठरवावी. गुडघ्यापर्यंत लुगडे नेसणाऱ्या वारली आणि कातकरी आजींना काही बदलावे लागत नाही. गोल साडीवाल्यांनी पदर कमरेला खोचून निऱ्यांना मोठी पिन लावावी किंवा सरळ काष्टा घालावा, आणि गाऊन घालणाऱ्यांनी आत सलवार घालून गाऊनची गाठ मारावी.

आता पायडल काढून टाकावीत. पंधरा नंबरचा पाना लागतो, आणि डाव्या पायडलचे आटे उलटे असतात हे लक्षात ठेवावे. ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवले की सुटते. सीट इतकी खाली घ्यावी की बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकतील. अशा बिनपायडलच्या सायकलीवर बसून बाईने पायांनी जमीन रेटत चालायचे, एवढेच पहिल्या दिवसाचे काम. पाय केव्हाही टेकता येतात, त्यामुळे भीती निघून जाते. ब्रेकही याच दिवशी शिकवावा : आधी मागचा, मग दोन्ही एकत्र, एकटा पुढचा कधी नाही. उताराकडे तोंड करून रेटत गेले की एका क्षणी पाय आपोआप वर उचलले जातात आणि सायकल पाच-सात हात तशीच धावते. तोल साधला तो याच क्षणी, पायडल मारण्याशी त्याचा संबंध नाही.

आमच्या एका पाड्यावर साधारण पंचेचाळीस वर्षांच्या एक मावशी चार दिवस फक्त रेटतच होत्या. बरोबरीच्या पोरी पायडलवर गेल्या, यांचे पाय काही उचलेनात. नजर सारखी पुढच्या चाकावर. पाचव्या दिवशी त्यांच्या सुनेने खाचराच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून, कडेवरच्या नातवाचा हात हलवत हाक मारली, “आत्याबाई, याच्याकडे बघा, खाली नका बघू.” मावशींनी मान वर केली, दोन पावले रेटली आणि त्या बांधापर्यंत तरंगत गेल्या. तेव्हापासून मी प्रत्येक वर्गात समोर कोणीतरी ओळखीचे माणूस उभे करते, कारण नजर जिथे जाते तिथे सायकल जाते.

तोल साधल्यावर पायडल पुन्हा लावावीत. उजवे पायडल घड्याळातल्या दोनच्या आकड्यावर ठेवून त्यावर जोर देत निघायचे आणि मग डावा पाय उचलायचा, असे सुरुवातीला दहा-वीस वेळा नुसते निघण्याचा आणि थांबण्याचा सराव करावा. आधार द्यायचाच असेल तर सीटला मागून धरावे. हँडलला हात लावला की शिकणारीचा तोल बिघडतो. रोज एक तास दिला तर बहुतेक जणी आठवडा-दहा दिवसांत सरळ चालवू लागतात. त्यापुढे वळणे, एका हाताने चालवून दुसऱ्या हाताने वळण्याची खूण, आणि शेवटी ओझे. पहिले ओझे पाच किलो तांदळाचे, मग दहा किलोचे, मग पंधरा. ओझे बांधायला दोरीपेक्षा जुन्या ट्यूबची लांब पट्टी चांगली. ती ताणून बसते आणि सैल होत नाही. मूल बसवणे सर्वांत शेवटी, आणि मागे बसलेल्या मुलाचे पाय तारांत जाऊ नयेत म्हणून जाळी असल्याशिवाय मुळीच नाही.

पंक्चर स्वतः काढता आले पाहिजे

पाड्यावर सायकली पडून राहतात त्या बहुतेक वेळा मोठ्या बिघाडामुळे नव्हे, तर पंक्चरमुळे. दुकान फाट्यावर, फाटा पाच किलोमीटरवर, आणि दुकानदारासमोर उभे राहायचा संकोच. सायकल आठ दिवस भिंतीला टेकते आणि मग टेकलेलीच राहते. म्हणून प्रत्येक पाड्यावर किमान दोन बायकांना दुरुस्ती शिकवावी आणि त्यांनी वाजवी पैसे घेऊन ती करावी. पेटीत पंप, टायर काढायच्या दोन पट्ट्या, पॅच, सोल्युशन, काचकागद, पाने, पकड, पेचकस, तेलाची कुपी आणि व्हॉल्व्हची रबरी नळी एवढे असले की भागते.

हवा गेली की आधी व्हॉल्व्ह पाहावा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हवर बारीक रबरी नळी असते. ती उन्हाने कुजते आणि हवा हळूहळू जाते. हवा भरून व्हॉल्व्हच्या तोंडावर पाण्याचा थेंब ठेवावा; बुडबुडा आला तर पंक्चर नाही, दोन-तीन रुपयांची नळी बदलली की काम झाले. बुडबुडा नसेल तर सायकल सीट आणि हँडलवर उलटी करावी, व्हॉल्व्हची चकती काढावी, आणि व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने टायरची कड पट्ट्यांनी बाहेर काढावी. ट्यूब ओढून थोडी हवा भरायची आणि परातीतल्या पाण्यातून बोटाबोटाने सरकवायची. जिथून बुडबुड्यांची माळ निघते तिथे खूण करावी. ट्यूब पुसून पूर्ण कोरडी करावी, काचकागदाने खरखरीत करावी, सोल्युशनचा पातळ थर द्यावा आणि थांबावे. घाई इथेच होते. सोल्युशन बोटाला चिकटेनासे झाले की मगच पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच दुसऱ्या दिवशी सुटतो.

ट्यूब परत घालण्याआधी टायरच्या आतून चिंधी गुंडाळलेले बोट सावकाश फिरवावे. बाभळीच्या काट्याचे टोक आतच राहिलेले असते, आणि ते काढले नाही तर त्याच जागी पुन्हा पंक्चर होते. टायरची कड शेवटी अंगठ्यांनीच बसवावी. पट्टीने बसवताना ट्यूब चिमटली की सगळी मेहनत वाया जाते.

आपल्याकडच्या पावसाचा विचार वेगळा करावा लागतो. जूनच्या आधी चेन रॉकेलने धुऊन तेल द्यावे, चाकांच्या आणि हँडलच्या छऱ्यांना ग्रीस भरून घ्यावे, ब्रेकचे रबर नवे घालावे. पावसात रिम ओली असते आणि ब्रेक उशिरा लागतो, म्हणून थांबायच्या जागेच्या बऱ्याच आधी हलका दाबून ठेवावा. सायकल रात्री घरात किंवा पडवीत घ्यावी. चिखल वाळू देऊ नये. पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावरून सायकल नेऊ नये, मग पलीकडे शाळा असो की बाजार.

रस्त्यावर

मुंबई-नाशिक महामार्गाला समांतर गावरस्ता असेल तर लांबचा असला तरी तोच घ्यावा. महामार्ग ओलांडायचा असल्यास सायकलवरून उतरून, हाताने धरून, भुयारी मार्गाने किंवा पुलाखालून ओलांडावा. उलट्या बाजूने येऊ नये. ट्रकवाल्याला समोरून येणारी सायकल अपेक्षित नसते. पहाटेच्या गाडीला जाणाऱ्यांनी तिघी-चौघी मिळून निघावे आणि स्टेशनबाहेरच्या तळावर महिन्याचा दर एकत्र ठरवून घ्यावा. सायकलीला परवाना, नोंदणी किंवा विमा लागत नाही, हे प्रत्येकीला माहीत असू द्या, म्हणजे कोणी अडवून घाबरवले तर ती घाबरणार नाही. वाटेत कोणी त्रास दिला तर ११२ आणि महिलांसाठीचा १८१ हे क्रमांक पाठ असावेत. मुलींच्या बाबतीत मात्र एक काळजी घ्यावी : छेडछाडीची तक्रार आली की घरचे पहिल्यांदा सायकल बंद करतात, शाळाही बंद करतात. त्याआधीच शाळा, पोलीस पाटील आणि गटातल्या दोन वडीलधाऱ्या बायका यांनी त्या वाटेवर लक्ष ठेवण्याची व्यवस्था केलेली असावी.

वर्षभराची वही

वाटपानंतर पहिल्या, तिसऱ्या, सहाव्या आणि बाराव्या महिन्यात प्रत्येक घरी जावे. सायकल आहे का, असे विचारू नये. आहेच म्हणून सांगतात. “काल सायकल कुठे गेली होती आणि कोण घेऊन गेले होते?” एवढाच प्रश्न विचारावा आणि उत्तर जसेच्या तसे लिहावे. “मुलगा क्रिकेटला घेऊन गेला” अशी उत्तरे सलग आली तर त्या घरी पुन्हा बैठक घ्यावी. “हवा नाही” असे आले तर दुरुस्तीच्या पेटीचे काय झाले ते पाहावे. बाई शिकलीच नाही असे आढळले तर पुढच्या कापणीनंतरच्या वर्गात तिचे नाव आधी घालावे. ज्या सायकली खरोखरच वापरात नाहीत त्या गटाच्या ठरावाने दुसऱ्या गरजू बाईकडे द्याव्यात, आणि भरलेली रक्कम पहिलीला परत करावी.

गेल्या फेरीत पंक्चर काढणाऱ्या एका ताईंच्या घरी गेले तेव्हा दाराला कुलूप होते. शेजारणीने सांगितले की त्या पलीकडच्या पाड्यावर गेल्या आहेत, तिथल्या चौघींना खाचरात सायकल शिकवायला. पेटीही बरोबर नेली होती.